पहिली मेणबत्ती आशेची

आम्ही सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्याकडे सकाळ उजाडते ती यंत्रमागाच्या खडखडाटाने. उंबऱ्यात ऊन आलं की बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसतात. एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चार बोली ऐकू येतात. गटात आम्ही अकरा जणी. चौघी ख्रिस्ती घरातल्या, बाकीच्या निरनिराळ्या समाजांच्या. सण कुणाचाही असो, फराळाचं ताट अकरा घरी जातं. नाताळातही करंज्या आणि चकल्या करायला आम्ही सगळ्या एकाच घरी जमतो.

मागच्या नाताळाच्या आधी आमच्या गटात एक प्रश्न निघाला. त्याचं उत्तर तेव्हा कुणालाच देता आलं नाही. पुढे आम्ही पाळकसाहेबांना विचारलं, पवित्र शास्त्र उघडलं, जुन्या जाणत्या बायांशी बोललो. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

गटात आमची एक अक्का आहे. नाताळाच्या आधीच्या चार रविवारी ख्रिस्ती बाया कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात. एका ताटात चार मेणबत्त्या मांडलेल्या असतात. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चौथ्या रविवारी चारही. पहिली मेणबत्ती लावण्याचा मान दरवर्षी अक्काचा. त्या वर्षी दिवाळीनंतर तिचे मालक गेले. मागावर काम करणारा माणूस. रात्रपाळीहून आले, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. मागे एक मुलगी, एक मुलगा आणि सोसायटीचं कर्ज.

पहिल्या रविवारी आम्ही तिच्याच घरी गेलो. ती बोलली नाही, पण तिने बसू दिलं. कुणीतरी काडेपेटी पुढे केली आणि म्हणालं, "अक्का, ही तूच लाव. आशेची मेणबत्ती आहे."

अक्का म्हणाली, "आशा कशाची?"

आमच्यातली एक घाईने बोलून गेली, "सगळं नीट होईल गं."

अक्काने मान वर केली. "कशावरून?"

त्या एका शब्दापुढे आम्ही सगळ्या गप्प झालो. मेणबत्ती तशीच राहिली. प्रार्थना म्हणून आम्ही घरी आलो, पण तो प्रश्न काही मनातून जाईना. ज्या आशेला 'कशावरून?' या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, ती आशा दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायची?

या चार मेणबत्त्या आल्या कुठून?

आधी मेणबत्त्यांबद्दल. नाताळाच्या आधीच्या या चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात. आगमन म्हणजे येणं. ख्रिस्ती लोक या दिवसांत दोन गोष्टी मनाशी धरतात. येशू ख्रिस्त एकदा बेथलेहेमात जन्माला आला, ही झाली मागची गोष्ट. तो पुन्हा येणार आणि जगातलं मोडलेलं सगळं सांधणार, ही पुढची. मागचं आठवत पुढची वाट पाहायची, असे हे दिवस.

चार मेणबत्त्यांना पुष्कळ मंडळ्यांमध्ये आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी नावं देतात. क्रम कुठे कुठे बदलतो, पण पहिली बहुतेक ठिकाणी आशेचीच. मेणबत्त्या लावण्याची ही चाल फार जुनी नाही. जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे एक पाळक गरीब, निराधार मुलांचा आश्रम चालवत. नाताळ जवळ आला की मुलं रोज विचारत, "नाताळ किती दिवसांवर आला?" म्हणून १८३९ मध्ये त्यांनी लाकडाचं एक मोठं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या आणि बाकीच्या दिवसांच्या लहान. रोज एक जास्त पेटायची. मुलं उजेड मोजून सांगू लागली की अजून इतके दिवस राहिले. मोठी माणसं वाट पाहता पाहता थकतात, तशी लहान मुलंही थकतात. त्या मुलांना दिवस मोजायला काहीतरी डोळ्यांसमोर मिळालं.

आपल्याला यातून एक समजलं. पहिल्या रविवारी ताटात एकच मेणबत्ती जळत असते आणि तीन विझलेल्या असतात. अंधार सगळ्यात जास्त तेव्हाच असतो. सगळं उजळल्यावर आशेची गरज कुणाला? म्हणून ती पहिली.

इच्छा, नवस आणि आशा

आपण बोलताना हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांत फरक आहे.

'यंदा कांद्याला भाव मिळावा' ही इच्छा झाली. मिळेल किंवा मिळणार नाही. 'मुलगा पास झाला तर अमुक करीन' हा नवस झाला. त्यात अट आहे, देणंघेणं आहे. आशा या दोन्हींहून वेगळी. कुणीतरी विश्वासाच्या माणसाने शब्द दिलेला असतो आणि त्या शब्दावर आपण आजची कामं आखतो. सासरी असलेल्या लेकीला भावाने सांगितलेलं असतं, 'पंचमीला न्यायला येतो.' ती आठ दिवस आधी पिशवी भरून ठेवते. भाऊ अजून दिसलेला नसतो, पण पिशवी भरलेली असते. कशावरून? तर भावाने आजवर शब्द मोडलेला नाही यावरून.

तुम्हां शेतकरी मैत्रिणींना हे आम्ही काय सांगावं? याच दिवसांत आपल्या सोलापूर, लातूर, धाराशिव भागात वेळ अमावस्या येते. शेतात कडब्याची खोप करतात, पाच पांडवांची पूजा करतात. आंबील, भज्जी आणि उंडे घेऊन सगळं गणगोत रानात जेवायला जातं. तेव्हा ज्वारी अजून उभी असते. कुठे कणीस नुकतं बाहेर पडलेलं, कुठे हुरड्याला येऊ घातलेलं. धान्याचा एक दाणाही घरात आलेला नसतो. तरी आपण उभ्या पिकात बसून पोटभर जेवतो आणि चार जणांना जेवू घालतो. पीक हाती येण्याआधीच आनंद करायची ही रीत आपल्या मातीतली आहे. आगमनकाळ समजून घ्यायला आम्हांला याच रीतीचा उपयोग झाला.

नाताळाचा शब्द

आता ख्रिस्ती माणूस कोणत्या शब्दावर पिशवी भरून बसतो ते पाहू. ज्या मैत्रिणी ख्रिस्ती नाहीत त्यांनी शेजारणीच्या घरचा सण समजून घ्यायचा म्हणून ऐकावं.

येशूच्या जन्माच्या सुमारे सातशे वर्षं आधी यशया नावाचा संदेष्टा यहूदी लोकांत होऊन गेला. देशावर मोठ्या राज्याचं सैन्य चालून येत होतं, गावंच्या गावं उजाड होत होती. त्याने लोकांना सांगितलं की अंधारात चालणाऱ्यांना उजेड दिसेल आणि तुमच्यासाठी एक बाळ जन्माला येईल. ऐकणाऱ्यांतलं कुणीच ते बाळ पाहायला उरलं नाही. त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं गेली. परकी राज्यं आली, लोक कैद करून दूर नेले गेले. तरी तो शब्द एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या कानात सांगितला.

आणि तो पुरा झाला तो कसा? लूक आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत ती हकिकत आहे. रोमच्या बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून दिवस भरत आलेली मरीया योसेफाबरोबर आपलं गाव सोडून बेथलेहेमला आली. उतरायला जागा मिळाली नाही. बाळ जन्मलं, त्याला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत निजवलं. पहिली बातमी पोहोचली ती रात्री रानात मेंढरं राखणाऱ्या धनगरांना. अशा साध्या माणसांना देवाने पहिले साक्षीदार केलं, असं आमचे पाळकसाहेब सांगतात.

आणखी एक गोष्ट नाताळाच्या देखाव्यात आपण कधी मांडत नाही. हेरोद राजाला कळलं की नवा राजा जन्मला आहे, तेव्हा त्याने बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारून टाकली. योसेफ आणि मरीया त्याआधीच बाळाला घेऊन रातोरात मिसर देशाला पळाले होते. म्हणजे पहिल्याच नाताळाच्या मागोमाग घराघरांतून आयांचा आक्रोश उठला होता, आणि पवित्र शास्त्राने तो लपवला नाही. त्या आयांचं सांत्वन होईना, हेही त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा ज्या घरात यंदा रडं आहे, त्या घरात नाताळ यायचा नाही असं कुणी म्हणू नये. तो आला तोच अशा घरांच्या वस्तीत.

'कशावरून?' या प्रश्नाला ख्रिस्ती माणसाचं उत्तर इथून सुरू होतं. देवाने एक शब्द दिला होता. फार उशीर झाला, पण त्याने तो पाळला. म्हणून त्याने पुढचं जे सांगितलं आहे, त्यावरही भरवसा ठेवायचा.

वेढा पडलेल्या गावातलं खरेदीखत

हे ऐकूनही आमच्यातल्या एकीने विचारलं, "पण मग माणसाने करायचं काय? नुसतं बसून वाट पाहायची?" तेव्हा पाळकसाहेबांनी आम्हांला यिर्मयाची गोष्ट वाचून दाखवली. आम्हांला ती सगळ्यांत जास्त आवडली, कारण तिच्यात जमिनीचा व्यवहार आहे.

येशूच्या जन्माच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधीची गोष्ट. यरुशलेम शहराला बाबेलच्या सैन्याने वेढा घातला होता. शहर पडणार हे स्पष्ट दिसत होतं. यिर्मया संदेष्टा राजाच्या कैदेत होता, कारण शहर पडणार असं त्यानेच उघड सांगितलं होतं. अशा वेळी त्याचा चुलत भाऊ आला आणि म्हणाला, "गावाकडचं माझं शेत तू विकत घे." ते शेत अनाथोथ गावात, म्हणजे शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. असं शेत कोण घेईल? पण देवाने सांगितलं म्हणून यिर्मयाने ते घेतलं. सतरा शेकेल चांदी तोलून दिली. साक्षीदार बसवले, खरेदीखत लिहून त्यावर शिक्का केला. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात घालून ठेवायला सांगितल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात. कारण देवाचा शब्द होता की या देशात लोक पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतील.

यिर्मयाने 'सगळं नीट होईल' असं म्हटलं नाही. शहर पडलंच. पण त्याने पदरचे पैसे मोजले आणि कागद जपून ठेवला. सातबाऱ्यावर नाव लागलेलं असणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? ख्रिस्ती अर्थाने आशा म्हणजे अशी मडक्यातली खरेदीखतं. उद्या जे व्हायचं आहे, त्याच्यासाठी आज खिशातून काहीतरी मोजायचं.

केडगावची जमीन

गोष्ट फार जुनी आणि परदेशातली वाटत असेल, तर आपल्याच रेल्वेमार्गावरची एक सांगतो. सोलापुरातून पुण्याकडे निघालो की कुर्डुवाडी आणि दौंड मागे टाकल्यावर केडगाव येतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. आजही तिथे काम चालू आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध सोसून बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेले. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढे १८८० मध्ये भाऊही गेला. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवराही गेला. चोविसाव्या वर्षापर्यंत इतकं सगळं त्यांच्या वाट्याला आलं. अक्काने विचारला तसा 'आशा कशाची?' हा प्रश्न विचारायचा हक्क रमाबाईंनाही पुरेपूर होता.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. धर्मांतरामुळे त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि पुष्कळ मुली आईबापांनी सदनातून काढून नेल्या. अमेरिकेतल्या हितचिंतकांनी कबूल केलेली मदत दहा वर्षांपुरतीच होती. ती संपल्यावर काय, याचा विचार करून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळरान होतं. तिथे विहिरी खोदल्या, फळझाडं लावली. लावली तेव्हा सावलीला झाड नव्हतं आणि खायला फळ नव्हतं.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती आणि निराधार मुली वाईट लोकांच्या हाती सापडत होत्या. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुलींना आणि बायांना घेऊन आल्या. लहानपणी आपण ज्या भुकेतून वाचलो, त्या भुकेकडे त्या आपल्या पायांनी परत गेल्या. एवढ्या जणींना ठेवायचं कुठे? केडगावची जमीन होती म्हणून जागा झाली. पुढच्या काही वर्षांत, १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर, तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तिथे बाया शेती करायला, विणायला आणि शिवायला शिकल्या. छापखाना चालवायला शिकल्या. अंध बायांनाही वाचायला शिकवलं गेलं. जमीन घेतली तेव्हा रमाबाईंना दुष्काळाची कल्पना नव्हती. त्यांनी मडक्यात कागद ठेवला होता इतकंच.

अपुरं राहिलेलं काम

आशेबद्दल आणखी एक गोष्ट रमाबाईंकडूनच कळते. कामाचं फळ आपल्याच हयातीत दिसेल, असं काही आशा सांगत नाही.

साध्या बायांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणायचं, असं रमाबाईंनी मनात घेतलं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. आयुष्याची शेवटची पुष्कळ वर्षं त्यांनी या कामाला दिली. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सगळं मुक्तीतल्या बायाच करत. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. एकुलती एक लेक, आणि कामातला उजवा हात. रमाबाईंना तेव्हा स्वतःलाही नीट ऐकू येत नव्हतं, अंगात शक्ती नव्हती. तरी त्या भाषांतराला बसत राहिल्या. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला १९२४ मध्ये. तो हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

असंच आणखी एक उदाहरण आपल्याच मराठी मुलखातलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे येशूच्या चरित्राचं काव्य लिहायला घेतलं, पण १९१९ मध्ये ते गेले आणि काव्य सुरुवातीलाच थांबलं. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पुढे ते पुरं केलं. एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने पुढे न्यायचं. नाताळाच्या गोष्टीतही चौऱ्याऐंशी वर्षांची हन्ना नावाची विधवा आहे. लग्नानंतर सातच वर्षांत नवरा गेला होता. मंदिरात देवाची सेवा करत ती म्हातारी झाली. मरीया बाळाला घेऊन मंदिरात आली तेव्हा हन्नाने त्याला ओळखलं आणि वाट पाहणाऱ्या सगळ्यांना जाऊन सांगितलं. त्या बाळाचं पुढचं आयुष्य तिला पाहायला मिळालं नसणार. तिला एवढं पाहणं पुरलं.

पुढे काय आहे?

मग ख्रिस्ती माणूस शेवटी कशाची वाट पाहतो? प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात एक चित्र आहे. देव माणसांच्या वस्तीत येऊन राहील, त्यांच्या डोळ्यांतलं पाणी स्वतः पुसेल आणि मरण उरणार नाही. येशू मेल्यावर पुन्हा उठला, तसे त्याचे लोकही उठवले जातील, अशी श्रद्धा आहे. म्हणजे अक्काने विचारलं होतं, 'गेलेला माणूस येणार का?' त्याला ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर असं की आज येणार नाही, पण देवाच्या हातातून तो हरवलेला नाही आणि भेट होणार आहे.

पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक उपमा दिली आहे. सगळी सृष्टी बाळंतवेणा सोसत कण्हते आहे, असं तो म्हणतो. वेणा आणि मरणकळा, दोन्हींत बाई ओरडतेच. पण वेणांना शेवट आहे आणि शेवटी हातात काहीतरी येतं. सुईणीचं काम असतं ते जवळ बसायचं, पाणी तापवायचं, हात धरायचा. 'ओरडू नकोस' असं शहाणी सुईण कधी म्हणत नाही.

आम्ही चुकलो होतो ते इथेच. अक्काच्या घरी जाऊन आम्ही तिला आशा 'सांगायला' गेलो. आधी रडू द्यायला हवं होतं, आणि मग हातभर मदत करायला हवी होती.

आपल्या गटात काय करता येईल?

या सगळ्यावर बोलून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. तुम्हांलाही उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, ज्या घरात माणूस गेलं आहे तिथे सणाला टाळायचं नाही. फराळ घेऊन जायचं, पण 'हस गं' असा आग्रह करायचा नाही. गेलेल्याचं नाव काढायचं, त्याची आठवण सांगायची.

दुसरी गोष्ट, कागदांना सोबत करायची. नवरा गेल्यावर बाईला मृत्यूचा दाखला, रेशनकार्डातला बदल, बँकेचं खातं, वारसाची नोंद अशा दहा ठिकाणी जावं लागतं. शेतकरी घरात सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं की नाही ते बघावं लागतं. निराधार बाईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे, तिचा अर्ज तहसील कचेरीत द्यावा लागतो. एकटीला हे जड जातं. दोघींनी सोबत गेलं तर निभतं. यिर्मयानेही कागद करताना साक्षीदार बसवले होते.

तिसरी गोष्ट, पुढच्या वर्षासाठी यंदाच काहीतरी लावायचं. कुणी अंगणात शेवगा लावा, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी दर आठवड्याला दहा रुपये वेगळे काढा. लहान असू द्या. नाताळातली आशाही गव्हाणीत मावेल एवढीच होती.

आणि जिचं मन फार काळवंडलं आहे, जी जेवत नाही, झोपत नाही, जगणं नको म्हणते, तिला एकटी सोडायचं नाही. तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे बोलायला लाज वाटू द्यायची नाही. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, त्यावर फोन करून मोकळं बोलता येतं. फोनला पैसे पडत नाहीत.

आता अक्काचं सांगतो. दुसऱ्या रविवारी ती प्रार्थनेला आली नाही. आमच्यातल्या दोघी तिच्याकडे जाऊन विड्या वळत बसल्या, तिचा त्या आठवड्याचा माल पुरा करून दिला. तिसऱ्या आठवड्यात एक जण तिच्याबरोबर सोसायटीत जाऊन आली. हप्ते पुढे ढकलून मिळाले. चौथ्या रविवारी ती आली आणि मागे भिंतीला टेकून बसली. मेणबत्त्या दुसऱ्याच कुणी लावल्या. आम्ही तिला काही म्हटलं नाही.

प्रार्थना झाल्यावर गटाची वही निघाली. महिना संपत आला होता, म्हणून सचिव नव्या वर्षाचं पान आखत होती. अक्काचे दोन महिन्यांचे पैसे आले नव्हते. तिचं नाव लिहावं की नाही, हे विचारायचं कुणाला धाडस होईना. तेवढ्यात तीच मागून म्हणाली, "जानेवारीच्या पानावर माझं नाव लिहा. पैसे थोडे थोडे देईन."

सचिवाने नाव लिहिलं. अकराच्या अकरा नावं झाली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या वहीत यंदा कुणाचं नाव गळलं असेल, तर नाताळाच्या आधी तिच्याकडे जाऊन या. तुम्हां सगळ्यांना भवानी पेठेतून आमच्या नाताळाच्या आणि नव्या वर्षाच्या शुभेच्छा.